जारचं पाणी पिणारी जीप

घोडेगावच्या पंचक्रोशीत कानिफनाथाच्या जीपइतकं चांगलं पाणी कुणी पीत नव्हतं. कानिफनाथाची बायकोसुद्धा नाही. ती बोअरच्या पाण्याने भांडी घासायची, त्याच पाण्याचा चहा करायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "मला बोअरचं आन् त्या डबड्याला जारचं. देवा, पुढल्या जन्मी मला रेडिएटर कर."

तिचंही काही चुकत नव्हतं, पण कानिफनाथाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. त्या भागात बोअरला लागतं ते पाणी म्हणजे नुसता खार. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, हंड्याला आतून पांढरी खपली धरते. माणसांना मुतखडे होतात. कानिफनाथाला दोनदा झाले होते, आणि दुसऱ्या वेळी नगरच्या दवाखान्यात गडाबडा लोळताना त्याला साक्षात्कार झाला की जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ खार हेच आहे. बरा होऊन आल्यावर त्याने स्टँडजवळ गाळा घेतला, पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं आणि निळ्या जारांवर चिठ्ठ्या चिकटवल्या : 'नाथकृपा शुद्ध जल. यात काहीही मिसळलेले नाही.'

एकदा डोक्यात बसलं की कानिफनाथ तिथे थांबणारा नव्हे. त्याने देवाला जारच्या पाण्याने आंघोळ घातली, तुळशीला जारचं पाणी घातलं, म्हशीपुढे जारच्या पाण्याची बादली ठेवली. म्हशीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. म्हशीला काय कळतंय म्हणून तो जीपकडे वळला.

जीपचं नाव राणी. ती त्याच्याकडे आली तेव्हाच तिचं वय झालेलं होतं, आणि त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली होती. तिचा मूळ रंग कोणता, यावर गावात दोन मतं होती. पण कानिफनाथाचा तिच्यावर जीव होता, आणि तिला इतकी वर्षं खारं पाणी पाजल्याचं त्याला आता मनापासून वाईट वाटायला लागलं. "दोन खड्यांनी मी गुरासारखा वरडलो," तो बायकोला म्हणाला, "हिच्या पोटात किती असतील! मुकी बिचारी, सांगती कुणाला?" त्याच दिवशी त्याने राणीच्या रेडिएटरमधलं पाणी सोडून दिलं आणि जारचं भरलं. मग दर आठवड्याला जुनं सोडायचं आणि ताजं भरायचं असा नेमच झाला. आठ महिन्यांनी राणी गळायला लागली.

घोडेगावात बाजाराच्या रस्त्याला अजीजभाईचं गॅरेज आहे. अजीजभाई जीपखाली आडवा झाला, नळीतून टपकणारं पाणी त्याने तळहातावर घेतलं आणि उजेडात धरलं. पाणी चहासारखं लाल होतं.

"काय पाजताय हिला, कानिफशेठ?"

"शुद्ध पाणी. आठ महिनं झालं," कानिफनाथ छाती फुगवून म्हणाला.

"तरीच," अजीजभाई म्हणाला आणि बाहेर येऊन त्याने हात पुसले. "हे बघा. शुद्ध पाणी उपाशी असतंय. तुमी मशीन लावून त्याच्या पोटातलं सगळं काढून घेतलं. मंग ते गाडीत गेल्यावर जे गावंल ते खातंय. लोखंड खातंय, नळ्यांच्या जोडावरचं झाळकाम खातंय. आन् तुमी दर आठवड्याला नवं उपाशी पाणी बसवताय. पंगतीवर पंगत!"

"पानी पित्यात, अजीजभाई. पानी कशाला काय खाईल?"

"मंग हा लाल रंग कुठून आला? गंज हाय हा."

"जुनी घाण हाय ती. पोट साफ होतंय तिचं."

"साफ न्हाई, पोटच चाललंय तिचं." अजीजभाईने कपाळाला हात लावला. त्याने मग समजुतीने सांगून पाहिलं की परत बोअरचं पाणी नको, त्याने नळ्या तुंबतात. पाणी हेच असू द्या, पण त्यात कूलंट मिसळा. हिरव्या रंगाचं येतं, त्याने पाण्याचं पोट भरलेलं राहतं आणि ते धातूला तोंड लावत नाही.

आता, ज्याच्या प्रत्येक जारवर 'काहीही मिसळलेले नाही' असं लिहिलेलं आहे, त्याला हे सांगणं म्हणजे पुजाऱ्याला तीर्थात सोडा घाल म्हणण्यासारखं. कानिफनाथाचे कान लाल झाले. "शुद्ध पाण्यात मी औषध मिसळू? मंग ते शुद्ध कशाचं?" असं म्हणून त्याने राणी सुरू केली.

"कुठं अडकलात तर मूठभर हळद टाका आत!" अजीजभाई मागून ओरडला. "भोकात जाऊन बसती! घरापतुर पोचाल!"

"हळद मी दुधात टाकत असतो!" कानिफनाथ खिडकीतून ओरडला आणि निघून गेला.

पंधरा दिवसांनी त्याच्या भाच्याचं लग्न होतं. भाचा रविराज, आणि रविराजची आई राहीबाई म्हणजे कानिफनाथाची थोरली बहीण, आक्का. आई वारली तेव्हा कानिफनाथ सहा वर्षांचा होता आणि आक्का चौदाची. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं, आणि शाळेतून पळून आला की तिनेच बडवलं. दोन पोरांचा बाप झाला तरी कानिफनाथ साऱ्या जगात भ्यायचा तो तिलाच. आणि तिच्या तोंडून एकदा तरी ऐकायचं त्याच्या मनात होतं, की माझा भाऊ कामाला आला. आजवर ते जमलं नव्हतं. आक्काच्या घरावर पत्रे त्याने घातले ते वाऱ्याने उडाले होते, आणि तिच्यासाठी त्याने आणलेली म्हैस घोडेगावच्या बाजारातून थेट आपल्या जुन्या मालकाकडे चालत गेली होती.

नवरी अकोले तालुक्यातली, राजूरच्या पुढे डोंगरात. लग्नही तिकडेच. आदल्या दिवशी सकाळी नवरदेवाला हळद लागली की उरलेली हळद नवरीकडे जाते, तिला उष्टी हळद म्हणतात. तीच नवरीला लागायची असते, आणि ती पोचल्याशिवाय तिकडचं पान हलत नाही. ही हळद शेजाऱ्याच्या नव्या कारमधून पाठवावी असं आक्काच्या मनात होतं. कानिफनाथाने ते ऐकलं आणि भर मांडवात, चाळीस बायकांसमोर त्याचा तोल गेला.

"नवरदेवाचा मामा मी का तो शेजारी? आक्का, हळद जाईल ती माझ्या राणीतनंच. दुसऱ्या गाडीत गेली तर मी पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवनार न्हाई!"

 आक्काने भावाकडे पाहिलं, मग राणीकडे पाहिलं. राणीखाली थोडं ओलं झालं होतं.

"बरं," आक्का म्हणाली. "पर नीट ऐक. डबा वाटंत कुठं भुईला टेकवायचा न्हाई. आन् चारच्या आत हळद तिथं पोचली पायजे, त्यांच्या बामनानं तशीच येळ दिलीया. नवरीकडच्या लोकांम्होरं माझी मान खाली घालू नगंस, कानिफ. येवढं एक कर."

स्टीलचा डबा लाल फडक्यात बांधून तिने मोनिकाच्या हातात दिला. मोनिका म्हणजे तिची मुलगी, रविराजची धाकटी बहीण. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि करवली म्हणून पुढे जाणार होती. बाकीचं वऱ्हाड दुसऱ्या दिवशी बसने यायचं होतं. कानिफनाथाने राणीला लिंबू-मिरची बांधली, मागे शुद्ध पाण्याचे तीन जार ठेवले आणि नऊ वाजता दोघं निघाली.

नेवाशापर्यंत सगळं झकास. मोनिकाने डबा मांडीवर घेतला होता, कानिफनाथ गाणं म्हणत होता. श्रीरामपूरच्या अलीकडे इंजिनच्या तापाचा काटा चढायला लागला आणि त्याचं गाणं उतरायला लागलं. थांबून, इंजिन गार होऊ देऊन, त्याने अर्धा जार ओतला. मोनिका खाली उतरली, पण डबा तिच्या काखेतच होता. रेडिएटरमधून ठिबकणारं पाणी तिने पाहिलं.

"मामा, हे लाल का हाय?"

"पोट साफ होतंय तिचं."

"आमच्याकडं बॉयलरला असंच पाणी असतं, मशीनमधून काढलेलं. पन त्यात औषध टाकल्याबिगर सोडत न्हाईत. न्हाई तर बॉयलरच्या नळ्या खाऊन टाकील ते."

"तूबी त्या अजीजला सामील झाली का?"

यावर मोनिका गाडीत जाऊन बसली. मामाशी वाद घालायचा नाही हे तिला आईने निघताना बजावलं होतं, आणि तसंही काखेत डबा घेऊन वाद घालता येत नाही.

संगमनेर येईतो दुसरा जार संपला. एका वस्तीवरच्या शेतकऱ्याने विहिरीचं पाणी देऊ केलं, तर कानिफनाथ म्हणाला, "न्हाई, हिला सोसत न्हाई ते." शेतकऱ्याला वाटलं मागे कुणी आजारी आहे. अकोले ओलांडलं तेव्हा तिसऱ्या जारचा तळ दिसत होता. पुढे चढाचा रस्ता लागला, आणि राजूरच्या अलीकडे एका वळणावर राणीने पांढरा धूर सोडला आणि ती थांबली. खाली बघितलं तर आता ठिबकत नव्हतं, धारच लागली होती. घड्याळात पावणेदोन झाले होते.

"मामा, हात दाखवून दुसऱ्या गाडीत बसू," मोनिका म्हणाली. "हळद तर येळंला पोचंल."

"आन् मी चाळीस बायकांम्होरं काय बोललो ते?"

"मंग काय करायचं? आईला फोन लावू?"

"नगं!" कानिफनाथ इतक्या जोरात ओरडला की समोरच्या टपरीवाल्याने मान वर केली. मग तो रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला. तो अगदी रडकुंडीला आला. पत्रे उडाले, म्हैस गेली, आणि आता हळद. आक्का काही बोलणार नाही, नुसती बघेल, आणि तिचं ते बघणं त्याला सोसायचं नाही.  शेवटी त्याने नाक पुसलं आणि अजीजभाईला फोन लावला.

"भाई, गाडी लई गळती."

"मी काय म्हनलो हुतो?"

"ते नंतर आइकतो. आता काय करू?"

"हळद हाय का जवळ?"

 कानिफनाथाने मोनिकाकडे पाहिलं. मोनिकाने डबा छातीशी घट्ट धरला.

"हॅलो? हळद हाय का न्हाई?"

"हाय," कानिफनाथ बारीक आवाजात म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

त्याने आधी टपरीवर जाऊन विचारलं. टपरीत गोळ्या होत्या, वेफर होते, मोबाईलचे चार्जर होते. हळद नव्हती. मग तो परत आला आणि भाचीसमोर हात जोडून उभा राहिला.

"मोने, मूठभरच."

"मामा, दादाची उष्टी हळद हाय ही!"

"म्हनूनच मूठभर म्हनतोय. उरलेली तिला पुरून उरंल. पोरी, हळद न्यायची तर गाडी चालली पायजे, आन् गाडी चालायची तर हळद पायजे. तू शिकलेली, तूच सांग दुसरं काय करता येतंय?"

मोनिकाने विचार केला. तिला दुसरं काही सुचलं नाही, आणि मामाचे डोळे बघून तिला त्याची दयाही आली. "मूठभर," ती म्हणाली. "जास्त न्हाई. आन् मीच टाकनार."

टपरीवाल्याने पलीकडच्या झऱ्यावरून एक घागर आणून दिली. कानिफनाथाने त्या अनोळखी पाण्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ते राणीला पाजलं. आता हळद. मूठ भरायला हात रिकामा हवा, पण डबा भुईला टेकवायचा नव्हता आणि मामाच्या हाती द्यायचा तिला धीर होत नव्हता. म्हणून मोनिकाने झाकण मामाकडे दिलं आणि डबाच रेडिएटरच्या तोंडाशी तिरपा केला. हळद तेला-पाण्यात कालवलेली, सकाळपासून बसून घट्ट गोळा झालेली. काहीच पडेना. तिने डबा आणखी तिरपा केला. तरी नाही. घरी विरजलेलं दही निघालं नाही की आपण काय करतो? डब्याच्या बुडावर थाप मारतो. मोनिकाने तीच मारली.

भद्दकन आवाज झाला आणि आख्खी हळद, रविराजच्या अंगाला लागलेली, चाळीस बायकांनी गाणी म्हणून कालवलेली, काही आत आणि काही तोंडाशी अडकून पडली. तोंडाशी अडकलेली काढायला कानिफनाथाने बोट घातलं, आणि तीही आत गेली.

दोघंही बराच वेळ त्या भोकात बघत राहिली.

"राजूरला दुकानात घेऊ," शेवटी कानिफनाथ म्हणाला. "हळदीसारखी हळद. कुनाला कळतंय?"

"उष्टी हळद दुकानात मिळत न्हाई, मामा." मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आईला काय सांगायचं?"

 कानिफनाथाने टोपण लावलं आणि चावी फिरवली. राणी सुरू झाली. त्याने खाली वाकून पाहिलं. धार थांबली होती, एक थेंबसुद्धा पडत नव्हता. काटा जागच्या जागी होता. वीस वर्षांत राणी इतकी नीट चालली नव्हती. पिवळाधमक वास सोडत ती उरलेला चढ अशी चढली की वाटेत दोन एसट्या मागे पडल्या.

राजूर मागे पडलं तेव्हा कानिफनाथाच्या डोक्यात प्रकाश पडला. "मोने," तो म्हणाला, "हळद कुठं हाय?"

"रेडिएटरमधी."

"म्हंजी गाडीतच हाय. सांडली न्हाई. भुईला टेकली न्हाई. आपून तिला राणीतनंच नेतोय. बरूबर का न्हाई?"

मोनिकाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की मामाला काय म्हणायचं आहे. प्रयोगशाळेतल्या माणसाला अशा वेळी एकच प्रश्न सुचतो. "त्यात आजवर कधी औषध-बिषध टाकलंय का? ऑइल? काय बी?"

"काहीबी मिसळलेलं न्हाई," कानिफनाथ अभिमानाने म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या वाक्याचा कुणालातरी उपयोग झाला.

सव्वातीनला राणी नवरीच्या मांडवापुढे उभी राहिली. वाजंत्री सुरू झाली. नवरीचे वडील ज्ञानेश्वर हात जोडून आले, त्यांच्या मागून नवरीची आत्या ठकूबाई आरतीचं ताट घेऊन आली, आणि तिच्यामागे सगळी आळी. ठकूबाई म्हणजे त्या घरातली शेवटची कचेरी. तिने हो म्हटलं की झालं आणि नाही म्हटलं की संपलं.

"हळद आली का?" ठकूबाईने विचारलं.

"आली," कानिफनाथ म्हणाला.

"कुठाय?"

"गाडीत."

मोनिकाच्या हातातला रिकामा डबा पाहून ठकूबाईची भुवई वर गेली.  मग आक्काचं बोलणं कानिफनाथाला आठवलं, माझी मान खाली घालू नगंस, आणि त्याच्या तोंडून एकामागून एक शब्द बाहेर पडायला लागले, जणू दुसराच कुणी बोलत होता.

"आमच्या नेवासा भागात डब्यातनं हळद द्यायची पद्धत न्हाई, आत्याबाई. डबा नुसता मानाचा. आमच्याकडं हळद गाडीतनंच उतरवून घेत्यात. आधी गाडीला ओवाळायचं, मंग अर्धा घंटा गाडीला इसावा द्यायचा, मंग पाटावर पातेलं ठेवायचं. लावत बी न्हाईत आमी. घालतो."

"घालता?"

"डोक्यावरनं. तांब्यानं."

आता डोंगरातल्या माणसांना खालच्या सपाटीवरच्या लोकांच्या चालीरीतींबद्दल आधीच फार बरं मत नव्हतं. पण पाहुण्यांची पद्धत ती पद्धत. ठकूबाईने राणीला ओवाळलं, बोनेटला कुंकू लावलं. अर्ध्या तासाने बोनेट गार लागायला लागलं. पाटावर मोठं पातेलं ठेवलं, त्यावर मोनिकाने धुतलेलं सुती पातळ ताणून धरलं. कानिफनाथ गणपतीचं नाव घेत जीपखाली शिरला आणि त्याने रेडिएटरची खालची तोटी सोडली.

आठ महिने लोखंड खाल्लेलं पाणी आणि आक्काने निवडून कुटलेली हळद, पंचवीस किलोमीटर उकळलेली. पातेल्यात जे उतरलं त्याचा रंग पिवळा नव्हता. गर्द, लालसर केशरी होता. बायका श्वास धरून बघत राहिल्या. ठकूबाईने दोन बोटं बुडवली, मनगटावर ओढली आणि उन्हात धरली.

"केशर घातलंय व्हय?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. "येवढं? पातेलंभर?"

कानिफनाथ जीपखालीच होता. त्याला फक्त पाय दिसत होते. मोनिका काहीतरी बोलेल म्हणून त्याने वाट पाहिली, पण मोनिका पातळ पिळत होती. मग त्याने खालूनच सांगितलं, "हाय आमच्या घरचं, थोडंफार."

चारला पाच कमी असताना नवरीला, म्हणजे सृष्टीला, पाटावर बसवून पहिला तांब्या घातला. मग मावश्यांनी घालून घेतला, मग करवल्यांनी, मग शेजारणींनी. एवढी उष्टी हळद त्या गावात कधी कुणी पाहिलेली नव्हती. कानिफनाथाने मात्र त्या संध्याकाळी जेवण घेतलं नाही. त्याने राणी ढकलत मांडवामागे नेली आणि तिच्याशेजारीच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी अकराला वऱ्हाडाची बस आली. आक्का खाली उतरली आणि जागच्या जागी थांबली. समोर उभ्या असलेल्या सगळ्या बायका केशरी होत्या. तोंडं केशरी, हात केशरी, एकीचे पांढरे केससुद्धा केशरी. रात्रभर साबणाने घासूनही कुणाचा रंग गेला नव्हता. ठकूबाईने पुढे येऊन तिचे दोन्ही हात धरले.

"विहीणबाई, हळद पाठवावी तर तुमी! केशराची आंघोळ घातली आमच्या पोरीला. आळीत दुसरी गोष्ट न्हाई कालपासून."

आक्काने मान डोलावली. मग ती हळूहळू चालत मांडवामागे गेली. तिथे राणी उभी होती, आणि राणीमागे कानिफनाथ लपलेला होता.

"मी हळद हातानं कुटली, कानिफ," ती म्हणाली. "केशर कुठनं आलं?"

साऱ्या गावाशी त्याला खोटं बोलता आलं होतं. या बाईशी त्याला कधीच आलं नाही. त्याने सगळं सांगितलं, अजीजभाईच्या उपाशी पाण्यापासून डब्याच्या बुडावरच्या थापेपर्यंत. अजीजभाईही वऱ्हाडातून आला होता, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. तो जवळ येऊन उभा राहिला आणि गंजाचं आलं तेव्हा तोंड फिरवून खोकला. सांगून झाल्यावर कानिफनाथ म्हणाला, "पत्रं गेलं, म्हैस गेली, आक्का. हेबी गेलं. मी शेजाऱ्याची गाडी घ्यायला पायजे हुती."

आक्काने वाकून राणीच्या खाली बघितलं.

"भुईला टेकली का?"

"न्हाई."

"चारच्या आत लागली?"

"पाच मिनिटं आधी."

"तुझ्याच गाडीतनं आली?"

"लईच गाडीतनं आली, आक्का."

आक्काचे खांदे हलायला लागले. कानिफनाथाला वाटलं ती रडतेय. मग तिने पदर तोंडात कोंबला आणि राणीच्या बोनेटला धरून ती अशी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि अजीजभाईच्या काखेकडे बोट केलं. "काय हाय ते?"

"कूलंट, राहीबाई. काल फोन आला तवाच म्हनलं घेऊन ठेवावं. पर शेठ घालू देनार न्हाईत."

"कुठल्या रंगाचं असतंय?"

"हिरवं."

आक्का उठून उभी राहिली. "कानिफ, हळद लागल्यावर पोरीला काय भरत्यात?"

"हिरवा चुडा," कानिफनाथ म्हणाला आणि मग त्याला समजलं.

"मंग भर. हळद लागलेली पोर अशी मोकळ्या हातानं ठेवत्यात का?"

कानिफनाथाने अजीजभाईच्या हातातून डबा घेतला. त्याने रेडिएटरचं टोपण उघडलं. एक क्षण त्याला आपल्या जारांवरच्या चिठ्ठ्या आठवल्या. मग त्याने बहिणीकडे पाहिलं आणि हिरवी धार आत सोडली.

तेवढ्यात ठकूबाई त्यांना शोधत मांडवामागे आली. "हिथं हाय का विहीणबाई! म्हनलं इचारावं, ते केशर कुठल्या दुकानातलं वो? आमच्या धाकटीच्या लग्नाला पायजे."

"दुकानात मिळत न्हाई ते," आक्का म्हणाली. तिने भावाच्या पाठीवर हात ठेवला. "माझा भाऊ सोता घरी तयार करतो. आठ महिनं लागत्यात त्याला."

कानिफनाथ रेडिएटरचं टोपण लावत होता. ते नीट बसायला त्याला बराच वेळ लागला, कारण डोळ्यांपुढे सगळं धूसर दिसत होतं.